चूक दाखवू नका, खोडून नीट लिहा: स्टॅक ओव्हरफ्लोच्या ‘एडिट’ दुव्याचं परीक्षण

तांत्रिक चर्चेत दुसऱ्याच्या इंग्रजीची चूक दिसली की हात शिवशिवणारे लोक सगळीकडे असतात. पण बहुतेक ठिकाणी त्यांच्या हाती एकच हत्यार असतं: जाहीर उत्तर. मेलिंग लिस्टवर कुणी ‘इट्स’ला नको तिथे ॲपॉस्ट्रॉफी लावली, तर ती दाखवायला नवी मेल लिहावी लागते. ती मेल सगळ्या सदस्यांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडते आणि मूळ चूक संग्रहात जशीच्या तशी राहते. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या चर्चेच्या साइटवर सामान्य सदस्याला दुसऱ्याच्या अक्षरालाही हात लावता येत नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ज्याला त्या रिपॉझिटरीत, म्हणजे त्या प्रकल्पाच्या कोठारात, लिहिण्याची परवानगी आहे, त्यालाच दुसऱ्याची कॉमेंट बदलता येते. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट सुरू केली तेव्हा त्यांनी या बाबतीत विकिपीडियाचा रस्ता धरला. प्रत्येक प्रश्नाखाली आणि उत्तराखाली ‘एडिट’ असा छोटासा दुवा असतो आणि तो कुणीही दाबू शकतं, अगदी खातं नसलेला माणूससुद्धा. हे परीक्षण फक्त त्या दुव्याचं आहे, सबंध साइटचं नाही.

गुण आधीच सांगून टाकू: पाचपैकी साडेतीन. दीड कुठे कापला ते ओघात येईलच.

आधी यंत्रणा. प्रश्नाखालचं ‘एडिट’ दाबलं की शीर्षक, मजकूर, टॅग (विषयाच्या खुणा) आणि खाली बदलाचा सारांश लिहायची एक ओळ असे चार रकाने उघडतात; उत्तराला शीर्षक आणि टॅग नसतात. खात्यावर २,००० पॉइंट (चांगल्या प्रश्नोत्तरांतून मिळणारी पत) असतील तर बदल लगेच लागू होतो. त्याहून कमी असतील तर तो रांगेत जातो आणि २,००० च्या वरचे दोन सदस्य ‘मान्य’ म्हणाले की लागतो. मूळ लेखक स्वतः आला तर त्याचा एकट्याचा निर्णय पुरतो. जुनी प्रत कधीच पुसली जात नाही. प्रत्येक आवृत्ती इतिहासात राहते, काय काढलं आणि काय घातलं ते लाल-हिरव्या रंगात शेजारी शेजारी दिसतं, आणि पटलं नाही तर लेखक एका क्लिकमध्ये मागच्या आवृत्तीवर परत जाऊ शकतो. ‘माझं लिखाण बदलणारे तुम्ही कोण’ या प्रश्नालाही उत्तर आहे: इथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए परवान्याखाली येतो आणि त्या परवान्यात दुसऱ्याने बदल करण्याची मुभा असतेच.

यातली खरी हुशारी अशी की दुरुस्ती होते आणि तंटा होत नाही. वाचणाऱ्याला नीट वाक्य मिळतं. लिहिणाऱ्याला एक सूचना जाते, पण चारचौघांत कान धरल्यासारखं वाटत नाही. अर्थात त्या सूचनेबरोबर सारांशाची ओळही त्याला दिसते, म्हणून तिथे काय लिहायचं याला महत्त्व आहे. ‘भयंकर इंग्रजी सुधारलं’ असं लिहिणारे महाभाग आहेत. ‘एरर मेसेज कोड ब्लॉकमध्ये घातला, शीर्षकात लायब्ररीचं नाव लिहिलं’ एवढंच लिहावं (कोड ब्लॉक म्हणजे कोड जसाच्या तसा दाखवणारी चौकट). काय काम केलं ते लिहायचं, माणसाबद्दल काही नाही.

आता मुद्द्याचं: काय दुरुस्त करायचं? इथे बहुतेक हौशी दुरुस्तीवाले घसरतात, कारण त्यांना शाळेतल्या व्याकरणाचे नियम पाठ असतात आणि या मजकुराचं काम काय ते ठाऊक नसतं. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न विचारणाऱ्याला एकदा उपयोगी पडतो आणि शोधयंत्रातून येणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षं. तेव्हा पहिला मान शोधात सापडण्याला. ‘डेप्रिकेटेड’ म्हणजे जी सोय आता वापरू नका असं सांगितलेलं असतं आणि पुढे काढून टाकली जाऊ शकते ती. लोक हटकून ‘डिप्रिशिएटेड’ लिहितात, म्हणजे किंमत घटलेलं. दोन्ही इंग्रजी शब्द खरे, म्हणून स्पेलचेक गप्प बसतो. शीर्षकात हा घोळ असेल तर योग्य शब्दाने शोधणाऱ्याला तो प्रश्न सापडणं अवघड. ही दुरुस्ती शंभर टक्के करण्यासारखी. तसंच ‘जावा’ लिहून ‘जावास्क्रिप्ट’चं विचारलेलं असेल तर तेही: ही दोन नावं एकमेकांची रूपं नाहीत, दोन वेगळ्या भाषा आहेत. शीर्षकातलं ‘अर्जंट, प्लीज हेल्प’ आणि शेवटचं ‘थँक्स इन ॲडव्हान्स’ साइटच्या रिवाजाप्रमाणे काढून टाकतात. सुटलेल्या प्रश्नाच्या शीर्षकात लेखकाने ‘सॉल्व्ह्ड’ घातलं असेल तर तेही काढायचं, कारण त्यासाठी उत्तरासमोर हिरवी खूण करायची सोय आहे.

दुसरा मान अर्थ उलटवणाऱ्या चुकांना. ‘इट इज नाऊ वर्किंग’ आणि ‘इट इज नॉट वर्किंग’ यांत एका अक्षराचा फरक आहे, व्याकरणाने दोन्ही शुद्ध आहेत आणि कुठलंही सॉफ्टवेअर नुसत्या त्या वाक्यावरून ही चूक पकडू शकत नाही. ती पुढचं-मागचं वाचणाऱ्या माणसालाच दिसते. ‘ग्रेटर दॅन’च्या जागी ‘ग्रेटर देन’ मात्र कुणालाही कळतं, ते राहिलं तरी आभाळ कोसळत नाही.

आणि नेमक्या इथेच या सोयीचा पहिला मोठा दोष आहे. २,००० पॉइंटांच्या खालच्या माणसाला मजकुरात किमान सहा अक्षरांचा बदल करावाच लागतो. कमी केला तर ‘अजून काही सुधारण्यासारखं आहे का’ असा संदेश देऊन साइट अडवते. हेतू चांगला आहे: कुणी नुसता एक स्वल्पविराम हलवून दोन सदस्यांचा वेळ खाऊ नये. परिणाम असा, की ‘नाऊ’चं ‘नॉट’ करायची एका अक्षराची, अख्ख्या उत्तरातली सगळ्यात मोलाची दुरुस्ती अडते. मग लोक उगाच कुठे तरी एखादा शब्द वाढवून सहाचा आकडा गाठतात. त्यापेक्षा बाकीचा मजकूर खरोखर वाचावा. जिथे ही चूक आहे तिथे मोकळा पडलेला कोड किंवा अर्धवट शीर्षकही बहुधा सापडतं. काहीच नसेल तर लेखकाला कॉमेंटमध्ये विचारावं. यासाठी अर्धा गुण कापला.

आता काय दुरुस्त करू नये, ते जरा सविस्तर, कारण नुकसान इथेच होतं.

प्रश्नातल्या कोडला हात लावायचा नाही. जावास्क्रिप्टमध्ये ‘लेंग्थ’ या गुणधर्माच्या स्पेलिंगात शेवटचं टी-एच उलटं होऊन एच-टी पडलं, तर भाषा तक्रार करत नाही. नसलेला गुणधर्म मागितला की ती मुकाट्याने ‘अनडिफाइन्ड’ देते, शून्य हे ‘अनडिफाइन्ड’पेक्षा लहान आहे का या तुलनेचं उत्तर ‘नाही’ येतं आणि लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोडचा तुकडा, एकदाही फिरत नाही. विचारणारा विचारतो, ‘लूप का चालत नाही?’ दुरुस्तीवाल्याने प्रेमाने स्पेलिंग नीट केलं की प्रश्न जागच्या जागी मेला: कोड बरोबर, तक्रार निराधार आणि खाली आलेली उत्तरं वेड्यासारखी दिसणारी. पायथॉनमध्ये तर ओळीच्या डावीकडची मोकळी जागा हेच व्याकरण. ‘सुबक दिसावं’ म्हणून ती सारखी केलीत तर प्रोग्रामच बदलला. कोड कोड ब्लॉकमध्ये नेणं वेगळं, त्यातलं अक्षर बदलणं वेगळं.

एरर मेसेजही तसाच ठेवायचा. त्यातलं इंग्रजी मोडकं असेल तर ते त्या प्रोग्रामच्या कर्त्याचं आहे, आणि पुढचा अडलेला माणूस तीच मोडकी ओळ जशीच्या तशी चिकटवून शोधणार आहे.

मग इतिहासजमा झालेल्या चुका. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीचे नियम. त्यात मागच्या पानाचा पत्ता सांगणाऱ्या हेडरचं (सोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीचं) नाव ‘रेफरर’. इंग्रजी शब्दात मधे दोन आर हवेत, हेडरच्या नावात एकच आहे. १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) ते तसंच छापलं गेलं आणि जगभरच्या सर्व्हरांनी तसंच स्वीकारलं. गंमत म्हणजे नंतर आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ या हेडरमध्ये दोन आर आहेत. म्हणजे एकाच उत्तरात दोन स्पेलिंगं शेजारी शेजारी असू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल तयार करायच्या ‘क्रिएट’ या आज्ञेच्या (सिस्टिम कॉलच्या) शेवटी ई नाही. युनिक्स पुन्हा लिहायचं तर काय बदलाल असं विचारल्यावर तिचे एक कर्ते केन थॉम्प्सन यांनी हाच ई घालीन म्हटल्याचं प्रसिद्ध आहे. त्यांनी तो घातला नाही, तेव्हा आपणही घालू नये.

‘शुड’ आणि ‘मस्ट’ हे आणखी एक. एखाद्या उत्तरात मोठ्या अक्षरांत ‘शुड’ आलं असेल आणि ते प्रोटोकॉलबद्दल असेल, तर तो शब्द मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ मधला पारिभाषिक शब्द असतो: करावं, सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणाम समजून. ‘मस्ट’ म्हणजे सूट नाही. वाक्य ठसठशीत व्हावं म्हणून एकाच्या जागी दुसरा घातलात, तर शैली सुधारायला गेलात आणि नियम बदलून आलात. मोठ्या अक्षरांतल्या शब्दांनाच हा खास अर्थ, हे २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने स्पष्ट केलं, म्हणून छोट्या-मोठ्या अक्षरांशीही खेळायचं नाही.

एस्क्यूएल ही डेटाबेसची भाषा; ‘अ एस्क्यूएल’ की ‘ॲन एस्क्यूएल’ हा वाद उच्चाराचा आहे. ‘सीक्वेल’ म्हणणारा ‘अ’ लावतो, ‘एस-क्यू-एल’ म्हणणारा ‘ॲन’. ‘इंडायसेस’ की ‘इंडेक्सेस’, ‘डेटा इज’ की ‘डेटा आर’ हेही त्याच पठडीतलं. ‘कोड्स’ असं अनेकवचन दिसलं की आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांची चूक समजून लोक तुटून पडतात, पण भौतिकशास्त्राच्या संगणनात काम करणारे मोठमोठ्या सिम्युलेशन प्रोग्रामांना सर्रास ‘कोड्स’ म्हणतात. टॅग पाहावा, मग ठरवावं. कलरमधला यू काढणं किंवा घालणं हे तर कामच नव्हे.

भारतीय इंग्रजीवर मात्र थांबायला हवं, कारण या साइटवर तिच्या वाट्याला सगळ्यात जास्त लाल शाई येते, आणि ती कुठे सार्थ आणि कुठे फुकट हे मराठी माणसाला इतरांपेक्षा लवकर कळतं. ‘आय हॅव अ डाउट’ पाहा. मराठीत ‘मला एक शंका आहे’ म्हणजे प्रश्नही आणि संशयही. इंग्रजीत ‘डाउट’ म्हणजे संशयच. उत्तराखाली ‘डाउट’ वाचून उत्तर देणाऱ्याला वाटतं, याचा माझ्यावर विश्वास नाही. इथे ‘क्वेश्चन’ करणं योग्य. ‘सिन्स टू डेज’ हे ‘दोन दिवसांपासून’चं सरळ भाषांतर. इंग्रजीला तिथे ‘फॉर’ हवं, पण अर्थ कुणाचाही चुकत नाही. हात लावणारच असाल तर जाता जाता. ‘डिस्कस अबाउट’, ‘अपडेशन’, ‘सॉफ्टवेअर्स’ यांचंही तेच.

‘रिव्हर्ट’ मात्र धोक्याचं. भारतीय ऑफिसांत ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर कळवा. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात ‘रिव्हर्ट’ म्हणजे केलेला बदल उलटवणारी नवी कमिट, म्हणजे नवी नोंद. गिटबद्दलच्या प्रश्नात हा शब्द पहिल्या अर्थाने आला असेल तर लगेच बदलावा.

आणि ‘ओन्ली’. मराठीतला ‘च’ इंग्रजीत नेताना आपल्याला हाच एक शब्द सापडतो. ‘याच व्हर्जनमध्ये एरर येतो’ याचं ‘एरर इज कमिंग इन धिस व्हर्जन ओन्ली’ होतं. मराठी ‘च’मध्ये ‘हो, हेच ते’ असा नुसता जोरही असतो. इंग्रजी वाचक समजतो, बाकीची सगळी व्हर्जनं तपासली आणि त्यांत येत नाही. दोन्हींतून शोधाची दिशा पूर्ण वेगळी निघते. अशा वेळी आपल्याला कळलं असं समजून एका बाजूने वाक्य ‘सुधारणं’ हा गुन्हा. कॉमेंटमध्ये विचारायचं: बाकीची व्हर्जनं तपासली का? नकारार्थी प्रश्नाचंही असंच. ‘तुम्ही रूटने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) चालवत नाही ना?’ याला मराठी माणूस ‘येस’ लिहितो, म्हणजे ‘बरोबर, नाही चालवत’. समोरचा कदाचित उलटं समजतो. तिथे होकार-नकाराच्या पुढे पूर्ण वाक्य लिहून घेणं हाच इलाज. हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग आपापल्या भाषेत का विचारत नाहीत? पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानी यांच्या वेगळ्या साइट आहेत. मराठी किंवा हिंदीची नाही, आणि मुख्य साइटवर इंग्रजीखेरीज प्रश्न टिकत नाही. म्हणून ही दुरुस्ती आपल्यासाठी जास्त गरजेची आहे.

दुसरा दोष पॉइंटांचा. मान्य झालेल्या प्रत्येक सूचनेला दोन पॉइंट मिळतात, एकूण १,००० पर्यंत, म्हणजे ५०० दुरुस्त्या. वर बिल्ले: पहिल्या दुरुस्तीला ‘एडिटर’, ८० पोस्टना चंदेरी ‘स्ट्रंक अँड व्हाइट’, ५०० ना सोनेरी ‘कॉपी एडिटर’. नव्या माणसाला घाण उपसायला आमिष हवं हे खरं, पण आमिष लावलं की मासे कुठलेही येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्टच्या (खुल्या प्रकल्पांना हातभार लावणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या उपक्रमाच्या) टी-शर्टसाठी लोकांनी दुसऱ्यांच्या प्रकल्पांच्या रीडमी म्हणजे माहितीच्या फाइलमध्ये ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे शब्द घुसडून पुल रिक्वेस्टांचा, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांचा, पाऊस पाडला. शेवटी ज्या प्रकल्पांची इच्छा आहे तिथल्याच रिक्वेस्टा मोजायचा नियम आयोजकांना महिना संपायच्या आत करावा लागला. स्टॅक ओव्हरफ्लोवर दोन सदस्यांची चाळणी आहे म्हणून इतकं होत नाही. पण सहा चुकांपैकी एक नीट करून पाच तशाच ठेवणारी सूचना त्या चाळणीतून बऱ्याचदा सुटते. तपासणाऱ्याने ‘काहीच सुधारणा नाही’ किंवा ‘लेखकाच्या हेतूशी विसंगत’ ही कारणं देऊन नाकारायला कचरू नये. आणि सूचना बरी पण अर्धवट असेल तर ‘इम्प्रूव्ह एडिट’ दाबून उरलेलं स्वतः करावं. अर्धा गुण इथे गेला.

उरलेला अर्धा एका साध्या सोयीच्या अभावापायी. विकिपीडियावर ‘किरकोळ बदल’ अशी खूण करता येते. इथे ती नाही. दहा वर्षं शांत पडलेल्या उत्तरातलं एक स्पेलिंग सुधारलं की तो प्रश्न ‘ॲक्टिव्ह’ यादीत सगळ्यात वर येऊन बसतो. एका बैठकीत पन्नास जुन्या पोस्टी साफ केल्यात तर कमी वर्दळीच्या टॅगमध्ये नवे प्रश्न ढिगाखाली जातात आणि त्या टॅगचे नेहमीचे लोक वैतागतात, रास्तच वैतागतात. पाच-सात करून थांबावं, उरलेल्या उद्या. रांग भरली असेल तर साइट तसं सांगून नवी सूचना घेतच नाही. तेव्हा तासाभराने परत यावं.

सोबतीला साधनं कुठली? ब्राउझरमधलं लँग्वेजटूल हे व्याकरण तपासणारं साधन या कामाला चालतं, पण ते कोडखाली रेघा मारतं, तिकडे दुर्लक्ष करायची सवय लागते. मजकूर बाहेर पाठवायचा नसेल तर त्याचा सर्व्हर आपल्याच मशीनवर चालवता येतो. त्यासाठी मशीनवर जावा बसवलेलं हवं, आणि ‘देअर’ (तिथे) आणि ‘देअर’ (त्यांचं) अशा सारख्या उच्चाराच्या जोड्या नीट पकडायच्या तर इंग्रजीचा एन-ग्रॅम डेटा (कुठले शब्द एकमेकांशेजारी किती वेळा येतात याची नोंद) वेगळा उतरवावा लागतो, तो सुमारे ८ जीबी आहे. मजकूर वर्डमध्ये नेऊन सुधारणं मात्र टाळावंच. टाइप करता करता वर्ड सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतं आणि दोन लहान रेघांची एक लांब रेघ. तो मजकूर परत चिकटवला की गिटच्या ‘फोर्स’ पर्यायाआधीच्या दोन रेघांची एक झालेली असू शकते, आणि कॉपी करून चालवणाऱ्याला कमांड का फसली ते दिसतसुद्धा नाही. एआयकडून दुसऱ्याचं उत्तर ‘सफाईदार’ करून घेणं साइटच्या नियमात बसत नाही. डिसेंबर २०२२ पासून तिथे बंदी आहे.

एवढी सोय असूनही काही जण ‘एडिट’ न दाबता खाली कॉमेंटच टाकतात: ‘इट इज इट्स, नॉट इट्स.’ १९९२ मध्ये जॉन बँगसंड या ऑस्ट्रेलियन संपादकाने ‘जे बिघडू शकतं ते बिघडणारच’ म्हणणाऱ्या ‘मर्फी’चं स्पेलिंग मुद्दाम बिघडवून ‘मफ्री’चा नियम सांगितला: दुसऱ्याच्या लिखाणाची चूक काढणाऱ्या मजकुरात स्वतःची एक तरी चूक असतेच. स्टॅक ओव्हरफ्लोवर त्याला आणखी धार आहे, कारण पोस्ट कितीही वेळा दुरुस्त करता येते, पण कॉमेंट लिहिणाऱ्याला स्वतःची कॉमेंट फक्त पाच मिनिटं बदलता येते. सहाव्या मिनिटाला आपलं चुकलेलं स्पेलिंग दिसलं, तर हाती उरतं ते फक्त ‘डिलीट’.